टर्मिनलातली टिपणवही: छोटी स्क्रिप्ट लिहिण्याचा योग्य क्रम

टिपणं ठेवायची स्क्रिप्ट वीस-पंचवीस ओळींची असते आणि पहिली आवृत्ती तासाभरात तयारही होते. अडचण उघडी पडते ती दोन-तीन महिन्यांनी. नोंद केल्याचं पक्कं आठवतं, पण शोधायला गेलं की सापडत नाही. नाहीतर एके दिवशी फाइल उघडावी तर आत फक्त शेवटची एकच ओळ. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. स्क्रिप्ट आधी लिहून होते, आणि फायलींची नावं काय, ओळीचा साचा कसा, मराठी मजकूर कुठल्या रूपात साठवायचा हे प्रश्न मागाहून जमेल तसे सोडवले जातात. क्रम उलटा करायला हवा.

मराठीत टिपणं ठेवणाऱ्यांनी तर तो नक्कीच उलटा करावा. इंग्रजी मजकुरासाठी दिलेले सल्ले आपल्याकडे अर्धेच लागू पडतात. पडद्यावर हुबेहूब सारखा दिसणारा शब्द फायलीत दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे साठलेला असू शकतो, आणि शोधणाऱ्या आज्ञेला त्यातला एकच दिसतो.

लेख लिनक्स, मॅक किंवा विंडोजवरची डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांसाठी आहे. बॅशची, म्हणजे टर्मिनलात टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलची, तोंडओळख असली की पुरे. आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलात त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनं, आणि तारखा इंग्रजी अंकांत टाकायच्या. स्क्रिप्टमधल्या चलांची, म्हणजे व्हेरिएबलांची, नावंही समजायला सोपी जावीत म्हणून मराठीत दाखवली आहेत, पण प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांतच हवीत. बॅशमध्ये चलाच्या नावात इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. देवनागरी नाव दिलंत तर बॅश त्याला आज्ञा समजतं आणि अशी आज्ञा नाही म्हणून थांबतं.

## तयारी: संगणकाला मराठी नीट मोजता येतं का?

स्क्रिप्टची एकही ओळ लिहिण्याआधी ही तपासणी करा. टर्मिनलात मराठी कीबोर्डनं टाइप करा:

    प्रिंटएफ 'दुसऱ्या' | डब्ल्यूसी -एम

उत्तर ७ यायला हवं. द, उकार, स, ऱ, हलन्त, य आणि काना अशी ही सात चिन्हं. २१ आलं, तर तुमचं लोकेल (भाषेची आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) नाही आणि संगणक अक्षरांऐवजी बाइट मोजतो आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून सात त्रिक एकवीस. अशा वेळी ‘लोकेल’ ही आज्ञा चालवून पाहा आणि भाषेची सेटिंग यूटीएफ-८ असलेल्या लोकेलवर आणा. ते जुळल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण पायरी ४ मधलं निम्मं काम त्यावर अवलंबून आहे.

उत्तर ८ आलं तर लोकेल ठीक आहे, पण तुमचा कीबोर्ड ‘ऱ्या’ वेगळ्या पद्धतीनं साठवतो. त्याचा बंदोबस्तही पायरी ४ मध्ये आहे. आत्ता फक्त लक्षात ठेवा.

बाकीची तयारी थोडकी. एक साधा एडिटर लागेल, नॅनो असला तरी चालेल. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर उत्तम, कारण त्यात ऱ ची स्वतंत्र कळ आहे.

टर्मिनलात मराठी विचित्र दिसलं, वेलांटी सुटी पडली किंवा जोडाक्षर फुटलं, तर घाबरू नका. बऱ्याच टर्मिनलांना जोडाक्षरं मांडणं अजून नीट जमत नाही, पण फायलीतला मजकूर शाबूत असतो. तीच फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून खात्री करून घ्या. लिनक्सवर कॉन्सोल किंवा एमएलटर्म वापरून बघण्यासारखे आहेत.

## पायरी १: फोल्डर, नावं आणि ओळीचा साचा ठरवा

घरच्या डिरेक्टरीत एकच फोल्डर करा. विषयवार उपफोल्डर करू नका. ‘सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती’ घर या फोल्डरात की बँकेच्या? हा प्रश्न नोंद करताना एकदा पडतो आणि शोधताना पुन्हा पडतो, आणि दोन्ही वेळचं उत्तर एकच येईल याची खात्री नाही. विषय ओळीतच खुणेनं लिहायचा, फोल्डरनं नाही.

दर महिन्याला एक फाइल. नाव वर्ष-महिना असं: २०२५-०६, आणि पुढं साध्या मजकुराचं टीएक्सटी हे एक्स्टेन्शन. प्रत्येक टिपणाची वेगळी फाइल करायचा मोह अनेकांना होतो, पण मग प्रत्येक वेळी नाव सुचावं लागतं, आणि नाव सुचत नाही म्हणून टिपण राहून जातं. उलट सगळ्या आयुष्याची एकच फाइल केली तर हातानं दुरुस्ती करताना जड जाते. महिना हा माप बरोबर बसतो.

चूक टाळा: आपण रोज लिहितो तशी दिनांक-महिना-वर्ष ही रचना नावात वापरू नका. नावं क्रमानं लावली की सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात, मग सगळ्या दोन तारखा. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि एक अंकी आकड्याआधी शून्य. असं केलं की अक्षरक्रम हाच कालक्रम होतो आणि वेगळं सॉर्ट करावं लागत नाही.

आता साचा. एक टिपण म्हणजे एक ओळ, आणि ती ओळ एकटी वाचली तरी पूर्ण समजली पाहिजे:

    २०२५-०६-१४ १८:४० @घर बोअरच्या मोटरचा कपॅसिटर बदलला, ३६ मायक्रोफॅरड, जुना फुगला होता

आधी तारीख-वेळ, मग खूण, मग मजकूर. शोधणारी आज्ञा ओळी परत देते, परिच्छेद देत नाही. ‘बदलला, जुना फुगला होता’ एवढंच लिहिलंत तर पुढच्या उन्हाळ्यात मोटर पुन्हा नुसती गुणगुणायला लागली की ती ओळ सापडूनही उपयोग नाही. वस्तूचं नाव, आकडा आणि काय केलं, तिन्ही त्याच ओळीत.

लांब मजकूर, म्हणजे बैठकीचा वृत्तान्त किंवा पाककृती, वेगळ्या फायलीत एडिटरनं लिहा. ती याच फोल्डरात ठेवा आणि मासिक फायलीत तिचा उल्लेख करणारी एक ओळ टाका. अशा फायलीला मराठी नाव द्यायला हरकत नाही, फक्त ते आटोपशीर असू द्या. लिनक्सवर फायलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं, आणि काना-मात्रा-हलन्त सगळे त्यात मोजले जातात. एकट्या ‘महाराष्ट्र’ या शब्दाला ३० बाइट लागतात.

खुणेसाठी @ वापरा, # नको. हे आवडीनिवडीचं नाही. अवतरणाबाहेर # नं सुरू होणारा शब्द बॅशमध्ये शेरा समजला जातो आणि तिथून पुढची ओळ गळून पडते. ‘#घर’ असं लिहून नोंद केली की रिकामं टिपण जमा होतं, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

तपासा: कागदावर पाच खऱ्या नोंदी या साच्यात लिहून पाहा. खुणा दहा-बाराच्या आत बसतात का? बसत नसतील तर आत्ताच कमी करा. @घर, @पैसे, @तब्येत, @काम, @शेत, एवढ्या मोठ्या खुणाच टिकतात.

## पायरी २: स्क्रिप्टचा सांगाडा

ओळींचा क्रम असा ठेवा.

१. पहिली ओळ शेबँगची, म्हणजे फाइल कुणी चालवायची ते सांगणारी; ती ‘एन्व्ह’मार्फत बॅश शोधणारी असावी. मॅकवर आधीपासून असलेलं बॅश ३.२ हे फार जुनं आहे. पुढं कधी नवं बसवलंत तर ‘एन्व्ह’ पाथनुसार, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीनुसार, तेच उचलेल.

२. ‘सेट -यू’. न ठरवलेलं चल वापरलं तर स्क्रिप्ट थांबेल. फोल्डरच्या चलाचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, तर त्या जागी रिकामी जागा घेऊन भलत्याच ठिकाणी लिहिण्यापेक्षा थांबलेलं बरं.

३. फोल्डरचा पत्ता एका चलात. लगेच पुढं ‘मेकडिर -पी’, म्हणजे फोल्डर नसेल तर तयार होईल आणि असेल तर तक्रार होणार नाही.

४. वेळ. ‘डेट’ ही आज्ञा एकदाच चालवा, पूर्ण तारीख-वेळ एका चलात घ्या आणि महिन्याच्या फायलीचं नाव त्याच चलाच्या पहिल्या सात चिन्हांतून काढा. ‘डेट’ दोनदा चालवलं तर महिनाअखेरीला मध्यरात्रीच्या सुमारास नोंद एका महिन्याची आणि फाइल दुसऱ्या महिन्याची होऊ शकते.

५. मजकूर एकरूप करणारं फंक्शन (पायरी ४).

६. सगळ्यात शेवटी ‘केस’, म्हणजे पहिला शब्द पाहून शाखा निवडणारी रचना, ज्यात नोंद, शोध, आज आणि उघड या चार शाखा. ही उपआज्ञांची नावं मात्र खरोखर देवनागरीत लिहिता येतात. बॅशला त्याची अडचण नाही, आणि फायदा मोठा आहे: आज्ञा आणि मजकूर दोन्ही मराठीत असल्यामुळं कीबोर्ड सतत बदलत बसावं लागत नाही. स्क्रिप्टच्या फायलीचं नावही ‘टीप’ ठेवता येतं.

पाचवी शाखा ‘बाकी काहीही’ अशी असते. तिथं मदतीचा मजकूर दाखवा आणि थांबा. अनोळखी शब्द आला तर तो टिपण समजून लिहायचा, अशी सोय काही जण करतात. ती नको. ‘शोध’ऐवजी ‘शोद मोटर’ असं टाइप झालं की ते टिपण म्हणून फायलीत जाऊन बसतं.

इथं हमखास चुका होतात:

चलाला किंमत देताना बरोबर चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. चल वापरताना दर वेळी ते दुहेरी अवतरणात ठेवा, फोल्डरच्या नावात जागा असो वा नसो.

‘डेट’च्या साच्यात छोटा एम म्हणजे महिना आणि मोठा एम म्हणजे मिनिटं. फायलीच्या नावात मोठा एम पडला तर महिन्याच्या जागी मिनिट येतं, आणि पाच नोंदींच्या पाच फायली होतात.

‘सेट -यू’ असताना काहीही न देता नुसतं ‘टीप’ चालवलं तर पहिला शब्दच नसल्यामुळं स्क्रिप्ट कोसळते. म्हणून ‘केस’मध्ये पहिला शब्द घेताना ‘नसेल तर रिकामा’ अशी तजवीज करा: महिरपी कंसात १, पुढं विसर्गासारखं अपूर्णविराम आणि उणे चिन्ह.

विंडोजच्या एडिटरमध्ये स्क्रिप्ट लिहून डब्ल्यूएसएलमध्ये चालवली आणि बॅश सापडत नाही असा संदेश आला, तर ओळींच्या शेवटी विंडोजचं जादाचं चिन्ह चिकटलं आहे. एडिटरच्या तळाशी ओळसमाप्तीचा प्रकार बदलून एलएफ करा.

तपासा: प्रत्येक शाखेत सध्या नुसतं शाखेचं नाव छापणारी ओळ घाला आणि चारही उपआज्ञा चालवून पाहा. शिवाय एक मुद्दाम चुकीची.

## पायरी ३: नोंद

स्क्रिप्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही:

    प्रिंटएफ '%एस %एस\एन' "$वेळ" "$मजकूर" >> "$फाइल"

दोन बाण. एकच बाण दिलात तर महिन्याची अख्खी फाइल पुसली जाते आणि तिच्या जागी ताजी एक ओळ उरते. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेली ‘शेवटची एकच ओळ’ ती हीच. टाइप करताना बोट चुकू शकतं हे गृहीत धरा आणि स्क्रिप्टच्या वरच्या भागात ‘सेट’ला मोठ्या सीचा पर्याय द्या. मग एकेरी बाण आधीपासून असलेल्या फायलीवर लिहायला नकार देतो आणि दुहेरी बाण नेहमीसारखा चालतो.

‘एको’ऐवजी ‘प्रिंटएफ’, आणि तेही साचा वेगळा व मजकूर वेगळा असं. मजकूर थेट साच्याच्या जागी ठेवलात तर ‘खतावर ५०% अनुदान, अर्ज ३० तारखेपर्यंत’ या नोंदीतलं टक्क्याचं चिन्ह आज्ञा समजलं जातं आणि ओळ तिथंच तुटते.

मजकूर घेण्याचे दोन रस्ते ठेवा. पहिला, आज्ञेसोबतच:

    टीप नोंद '@पैसे मोटर दुरुस्ती ₹८००, रोख'

एकेरी अवतरण वापरायची सवय लावून घ्या. दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह आलं की बॅश पुढच्या अंकाला चल समजतं आणि $५०० मधला पाच नाहीसा होतो. अवतरण अजिबात न देता ‘पाणी कधी येणार?’ असं लिहिलं तर मॅकवर वेगळीच गंमत होते. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचं मूळ शेल झेडएसएच आहे. ते प्रश्नचिन्हाला फायलींच्या नावाचा नमुना समजतं आणि जुळणारं काही नाही म्हणून नोंदच करत नाही. स्क्रिप्ट बॅशमध्ये असली तरी ही ओळ आधी झेडएसएच वाचतं, त्यामुळं स्क्रिप्टच्या आत त्यावर इलाज करता येत नाही.

म्हणून दुसरा रस्ता मला जास्त पसंत आहे. नुसतं ‘टीप’ म्हणून एन्टर दाबा; पहिला शब्द रिकामा असेल तर ‘केस’नं मदतीऐवजी नोंद शाखेकडेच वळावं. स्क्रिप्टनं ‘रीड -आर’ वापरून एक ओळ मागावी, तुम्ही ती हवी तशी लिहावी. अवतरणं, प्रश्नचिन्हं, कंस, # सुद्धा, कशाचीच काळजी नाही. ‘रीड’ला ई हा पर्यायही द्या, म्हणजे बॅकस्पेस आणि बाणांच्या कळा नीट चालतात. मराठीत बॅकस्पेस अनेकदा आधी काना-मात्रा काढतं आणि मग अक्षर, तो बिघाड नाही.

लिहिण्याआधी दोन पहारे हवेत. मजकूर रिकामा असेल तर लिहू नका, तसं सांगा. आणि दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात ओळी तुटलेल्या असतील तर ‘टीआर’नं त्या तुटी साध्या जागेत बदला, कारण एक टिपण एक ओळ हा नियम इथं मोडला की शोधताना अर्धं टिपण हाती येतं.

तपासा: तीन नोंदी करा. एकीत टक्का, एकीत प्रश्नचिन्ह, एकीत अवतरण. मग ‘टेल’नं फायलीचा शेवट बघा. तीन नोंदी, तीन ओळी, एकही चिन्ह गळालेलं नाही.

## पायरी ४: शोध

सगळी खटपट या पायरीसाठी असते, आणि सगळ्यात कमी वेळ हिलाच दिला जातो. ‘ग्रेप’ ही ओळी शोधणारी आज्ञा लिहिली, एक शब्द सापडला, झालं असं समजून लोक पुढं जातात.

आधी आज्ञा. टिपणांच्या फोल्डरात ‘सीडी’ करा आणि मग सगळ्या मजकूर-फायलींवर ‘ग्रेप’ चालवा. मोठ्या एफचा पर्याय द्या, म्हणजे शब्दातला पूर्णविराम किंवा कंस नमुना न समजता जसाच्या तसा शोधला जाईल. मोठा एच द्या, म्हणजे फायलीचं नाव नेहमी दिसेल. शोधायच्या शब्दाआधी दोन उणे चिन्हं टाका, नाहीतर उणे चिन्हानं सुरू होणारा शब्द पर्याय समजला जातो. फायली नावाच्या क्रमानं येतात, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे.

काही सापडलं नाही तर ‘ग्रेप’ १ हा अपयशाचा आकडा परत देतं. स्क्रिप्टमध्ये ‘सेट -ई’ घातलेलं असेल तर ती तिथंच गुपचूप संपते. म्हणूनच वर मी फक्त ‘सेट -यू’ सांगितलं. न सापडल्यास स्पष्ट ओळ छापा: ‘नाही सापडलं’.

आता मराठीचा भाग.

एकच शब्द, अनेक रूपं साठवणीत. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र दोन प्रमुख प्रकारे साठतो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. इनस्क्रिप्टनं पहिला प्रकार येतो, काही फोनेटिक कीबोर्ड दुसरा देतात. तयारीत सातऐवजी आठ आले असतील तर त्याचं हे कारण. तसंच ‘ॲप’चं. ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंकेताच्या) ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीनं अनेक कीबोर्ड अ आणि वरची चंद्रकोर वेगवेगळी साठवतात, कधी मध्ये तेच न दिसणारं जोडचिन्ह घालून. कुणी हिंदी कीबोर्डवरचं ऍ वापरतं. फोनवरून आणि संगणकावरून अशा दोन्हीकडून टिपणं करत असाल, तर हे सगळे प्रकार तुमच्या फायलीत शेजारी शेजारी बसलेले असणार.

युनिकोडचं प्रमाणीकरण लावलं की हे सुटेल असं वाटू शकतं, पण ते इथं पुरत नाही. ही रूपं युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य मानलेली नाहीत, त्यामुळं आपल्यालाच बदलावी लागतात. त्यासाठी एक छोटं फंक्शन, आत ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेचे बदल या क्रमानं:

१. र + हलन्त + जोडचिन्ह याचं ऱ + हलन्त करा. जोडचिन्ह दिसत नसल्यामुळं ते थेट टाइप करू नका, पुढच्या वेळी स्क्रिप्ट वाचताना ते तिथं आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही. बॅशच्या डॉलर-अवतरणात त्याचे तीन बाइट सोळापायी आकड्यांत लिहा: ई२, ८०, ८डी. ही पद्धत मॅकच्या जुन्या बॅशमध्येही चालते.

२. अ + जोडचिन्ह + चंद्रकोर, अ + चंद्रकोर आणि ऍ, या तिघांचं ॲ करा.

३. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा. ‘सेड’ची वाय ही सूचना एका फटक्यात दहाही बदलते. ‘डेट’ तारीख इंग्रजी अंकांत देतं, म्हणून तीच बाजू धरा. नाहीतर ‘३६ मायक्रोफॅरड’ कधी एका अंकांत असेल, कधी दुसऱ्या. लोकेल यूटीएफ-८ नसेल तर ही सूचना दोन याद्यांची लांबी जुळत नाही म्हणून थांबते. तसा संदेश आला तर तयारीच्या टप्प्यावर परत जा.

महत्त्वाचं: हे फंक्शन दोन्ही ठिकाणी लावा, नोंद लिहिताना आणि शोधायच्या शब्दावर. एकाच बाजूला लावलं तर आधी सापडणाऱ्या ओळीही सापडायच्या बंद होतात. मजकुरातली सगळी जोडचिन्हं सरसकट पुसून टाकू नका, फक्त वरचे ठरावीक बदल करा.

विभक्ती. ‘मोटर’ शोधलं की मोटरचा, मोटरला, मोटरीचं सगळं सापडतं. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याची टाकी’ सापडत नाही. ‘दूध’ शोधलं तर ‘दुधाचा हिशोब’ सुटतो, ‘वीज’ शोधलं तर ‘विजेचं बिल’. मराठी शब्दाला प्रत्यय लागताना शेवटचा स्वर बदलतो आणि बऱ्याचदा आतला दीर्घ ऱ्हस्व होतो. उपाय दोन. शब्द शेवटच्या मात्रेआधी तोडून शोधा: ‘पाण’ दिलं की पाणी आणि पाण्याची दोन्ही येतात. आतला स्वर बदलणाऱ्या शब्दांसाठी दोन्ही रूपं एकाच वेळी द्या, म्हणजे शोध शाखेनं एकाहून जास्त शब्द घ्यावेत आणि प्रत्येकाआधी ‘ग्रेप’चा ई हा पर्याय लावावा:

    टीप शोध दूध दुध

यांपैकी कुठलाही शब्द असलेली ओळ येईल. ई लावला की ते दोन उणे चिन्हांचं काम तोच करतो.

खुणा उपयोगी पडतात त्या इथं. @पाणी ही खूण कधीच @पाण्याची होत नाही. म्हणून खुणांना प्रत्यय लावायचा नाही, हा नियम पक्का पाळा. ‘@घरची वायरिंग’ नाही, ‘@घर वायरिंग’. खूण शोधताना तिच्यापुढं एक जागा ठेवून अवतरणात द्या, म्हणजे @घर शोधताना @घरपट्टी येणार नाही.

तपासा: ‘दुसऱ्या’ असलेली नोंद फोनच्या कीबोर्डवरून आणलेल्या मजकुरानं करा आणि संगणकाच्या कीबोर्डनं शोधा. मग उलट करा. दोन्ही वेळा ओळ आली पाहिजे. ‘ॲप’ आणि एखादा आकडा यांचंही तसंच.

## पायरी ५: आज आणि उघड

या दोन शाखा सोप्या आहेत. ‘आज’ म्हणजे आजची तारीख ओळीच्या सुरुवातीला असलेल्या ओळी दाखवणं. ‘उघड’ म्हणजे चालू महिन्याची फाइल एडिटरमध्ये उघडणं. एडिटर पर्यावरणातल्या चलातून घ्या, ते रिकामं असेल तर नॅनो. हातानं दुरुस्ती करताना ओळीची तारीख बदलू नका, आणि एक ओळ दोन ओळींत तोडू नका. यादी, आकडेवारी, रंग असल्या सोयी आत्ता घालू नका. महिनाभर वापरल्यावर ज्याची उणीव जाणवेल तेच घाला.

## पायरी ६: कुठूनही चालेल असं करा

‘चेमॉड’नं फाइल चालवण्याजोगी करा. घरच्या डिरेक्टरीतल्या बिन फोल्डरात ती ठेवा आणि तो फोल्डर पाथमध्ये आहे ना ते बघा. नाव ठरवण्याआधी ‘टाइप’ या आज्ञेनं त्याच नावाची आज्ञा आधीच नाही ना याची खात्री करा. इंग्रजी नावांच्या बाबतीत ही टक्कर वारंवार होते. ‘टीप’ला ती भीती नाही. इंग्रजी कीबोर्ड चालू असतानाही नोंद करता यावी म्हणून एक छोटं इंग्रजी उपनाव अलियसनं देऊन ठेवा.

तपासा: नवं टर्मिनल उघडा, दुसऱ्याच कुठल्या तरी फोल्डरात जा आणि नोंद करा. ती टिपणांच्या फोल्डरातच गेली का? तुम्ही उभे आहात त्या फोल्डरात नवी फाइल झाली असेल, तर स्क्रिप्टमधला पत्ता पूर्ण नाही, अर्धवट आहे.

## पायरी ७: प्रत, आणि काय लिहायचं नाही

फोल्डरवर फक्त तुम्हाला परवानगी ठेवा, ‘चेमॉड ७००’. पासवर्ड, पिन, आधार क्रमांक या फायलींत कधीच लिहू नका. साधा मजकूर कुणालाही वाचता येतो, आणि गिटमध्ये (फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) एकदा नोंदला गेलेला मजकूर नंतर ओळ पुसली तरी इतिहासात राहतो.

प्रतीसाठी गिट चांगलं आहे. फोल्डरात ते सुरू केल्यावर ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग लगेच बंद करा. ती चालू असेल तर मराठी नावाच्या फायली तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या रांगेसारख्या दिसतात, आणि आपली फाइल कुठली ते ओळखू येत नाही. प्रत्येक नोंदीसोबत आपोआप कमिट करण्याची, म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदण्याची, सोय नको. गिट कुठं अडकलं तर नोंद करणंच रेंगाळतं, आणि रेंगाळणाऱ्या आज्ञेची सवय लागत नाही. दिवसातून एकदा पुरे.

जुनी टिपणं आणायची असतील तर ती युनिकोडमध्ये आहेत का ते आधी पाहा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी फायलीत तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा असतो, त्यामुळं कुठलाच मराठी शब्द त्यात सापडणार नाही. आधी रूपांतर, मग तेच एकरूप करणारं फंक्शन, आणि मगच फोल्डरात.

शेवटची तपासणी: प्रत दुसऱ्या ठिकाणी क्लोन करा. स्क्रिप्टमधला फोल्डरचा पत्ता तात्पुरता तिकडं वळवा आणि गेल्या महिन्यातली तीन टिपणं शोधा. एक आकड्यानं, एक खुणेनं, एक ‘ऱ्या’ असलेल्या शब्दानं. तिन्ही सापडली की पत्ता पुन्हा मूळ फोल्डरवर आणा. ही तपासणी दर तीन-चार महिन्यांनी करत जा, आणि संगणक बदललात तर त्याच दिवशी.